कोरडा सूट मी निवडला

सन दोन हजार तीन. माझं वय एक्कावन्न. शाळेच्या दाखल्यावर अठ्ठेचाळीस, कारण गुरुजींनी अंदाजानं टाकलं. चौथीपर्यंत शिकलो. पाण्याखाली कुणी इयत्ता विचारत नाही, म्हणून नडलं नाही. त्या साली जानेवारीत मला एक सूट निवडायचा होता. लग्नातला नव्हे, बुडी मारायचा. तो एकच मिळणार होता आणि दोघांच्या अंगात जाणार होता, माझ्या आणि माझा जोडीदार फुलसिंग याच्या. निवड चुकली तर दोघांपैकी एक वर येणार नाही, हे मला सांगायला साहेबाची गरज नव्हती. तरी मी चुकलो. तेच सांगायला बसलोय.

दिवाळी अंकवाल्या पोरांनी सांगितलं, "आजोबा, जन्मापासून लिहा." म्हणालो, जन्माचं मला आठवत नाही आणि तुम्हाला त्याचं करायचं काय? नातीनं शुद्धलेखन बघितलं आहे. वाक्य मात्र विचारल्याशिवाय बदलायचं नाही, अशी तिला तंबी आहे. तिनं दोन बदलली, मी दोन्ही परत केली.

आधी धंदा समजून घ्या. आमच्या हिंगोली जिल्ह्यात समुद्र नाही. पण विहिरी आहेत, पन्नास-साठ फूट खोल, आणि विहिरीत माणसाच्या हातून काय पडत नाही? मोटार पडते, पाइप पडतो, घागर पडते. कधी माणूसच पडतो, त्यावर इथं लिहीत नाही. सगळ्यात जास्त बोलावणं यायचं ते फुटबॉलसाठी. शहरातल्या वाचकांनी हसू नये. मोटारीचा पाइप पाण्यात सोडला की त्याच्या बुडाला एक झडप असते, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. तिच्यात पाला अडकला की मोटार नुसती कण्हते, पाणी उचलत नाही. मग श्वास धरून खाली जायचं, हातानं चाचपून पाला काढायचा, वर यायचं. दीड मिनिट. घरी घड्याळ लावून बघा किती लांब असतं ते.

गिऱ्हाइकंही एकेक. आखाडा बाळापूरला एका बाईची पितळी घागर काढायला गेलो. पहिल्याच बुडीत घागर हाताला लागली, वर आणली. बाई म्हणाली, "ही माझी न्हाई." मागून शेजारीण ओरडली, "अगं माय, ही तं माझी! आठ वर्सं झाली. हिनंच नेली म्हणून मी हिच्याशी बोलणं सोडलं व्हतं!" दुसऱ्या बुडीत पहिलीची निघाली. आता दोघींनी हसावं की नाही? तर आठ वर्षं खोटा आळ घेतला म्हणून पहिली सुरू झाली आणि आठ वर्षं तू तरी काहून बोलली न्हाईस म्हणून दुसरी. मला चहासुद्धा कुणी विचारला नाही. ओल्या चड्डीवर बस धरली.

या धंद्यात माझ्या बापाचा एक नेम होता, तो मी शेवटपर्यंत पाळला. शेवट म्हणजे त्या नेमाचा, दोन हजार तीन. पाण्यात उतरायच्या आधी अंगाला तेल चोळायचं. करडीचं, घाण्याचं. छाती, मान, कानामागं, बोटांच्या बेचक्यात. तेल असलं की थंडी कातडीवरून घसरून जाते, असं बाप म्हणायचा. आमच्या विहिरीवर मोट होती तेव्हा मोटेच्या चामड्यालाही तो तेल चोळायचा. मोट म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. तेल नसलं की चामडं वाळतं, चिरतं, गळतं. "कातडं माणसाचं असो का बैलाचं," बाप म्हणायचा, "तेल मागतंच." इतकं साधं वाक्य आहे. याच वाक्यानं घात केला.

चौऱ्याण्णव सालापासून मी आमच्या भागातल्या एका धरणावर बुडीचं काम करत होतो. धरणाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना उगाच तकलीफ नको. धरणाच्या पोटात दारं असतात. त्या दारांच्या खाचांमध्ये लाकूड, गाळ, जाळी, काय काय येऊन बसतं, ते काढायचं. तिथं श्वास धरून भागत नाही. पाठीवर हवेची टाकी घ्यायची, तोंडात नळी धरायची, कमरेला शिशाचा पट्टा, म्हणजे माणूस खाली राहतो. एक खाली, एक वर. वरच्याच्या हातात दोरी. खालून एक झटका आला की सगळं ठीक, दोन आले की दोरी सोड, तीन आले की वर ओढ. एवढीच आमची भाषा.

मला वर बसणं कधी जमलं नाही. खाली काही दिसत नाही, गाळात स्वतःचा हात दिसत नाही, पण खाली माझा जीव शांत असायचा. वर बसलो की जळायचा. हातात दोरी, डोळे बुडबुड्यांवर. बुडबुडे जरा सरकले की मी उठून उभा. बसायचो, पुन्हा उठायचो. बिडी पेटवायची आणि विसरायची. मजूर हसायचे, "किसनदादा, तुमच्या बुडाखाली इंगळ हाय का?"

फुलसिंग उलटा. तो धरणाच्या पलीकडच्या तांड्यावरचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, उंच, हाडापेरानं मोठा. त्याचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूख फिरायचे. तो म्हणायचा, "दादा, आमच्या बापजाद्यांनी सगळ्या नद्या वलांडल्या. मीच एक निघालो, नदीत घर करणारा." दोरी त्याच्या हातात असली की तो देवळातल्या नंदीसारखा बसायचा. नऊ वर्षांत त्यानं माझ्या निर्णयाला एकदाही आडवा शब्द घातला नाही. ते मला आवडायचं. आता लिहिताना वाटतं, तेच आवडायला नको होतं.

आदल्या हिवाळ्यात मी खालून वर आलो आणि माझी मूठ उघडेना. छिन्नी मुठीतच. फुलसिंगनं एकेक बोट सोडवून काढलं, कणसातले दाणे काढावे तसं. आमच्याकडे तेव्हा ओला सूट होता, जाड स्पंजासारख्या रबराचा. त्यात पाणी शिरतं आणि अंगाच्या उबेनं तेच जरा कोमट होतं. दहा-वीस मिनिटांचं काम असेल तर ठीक. आम्हाला तास-तास लागायचा आणि सूटही गुडघ्यावर फाटलेला. साहेबांनी, म्हणजे तिथल्या इंजिनिअरनी, मूठ बघितली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी कोरडा सूट आणू."

फुलसिंग म्हणाला, "कोरडा? पाण्यात जाऊन कोरडा? सूट हाय का कोरड्यास?" कोरड्यास म्हणजे आम्ही भाकरीबरोबर खातो ती भाजी. मजूर आठवडाभर त्याला विचारत होते, "काय फुलसिंग, आज कोरड्यास काय?"

पण बोलल्याप्रमाणं जानेवारीत सूट आले. रबीचं पाणी सोडायचं होतं आणि एका दाराच्या खाचेत बाभळीचा बुंधा रुतून बसला होता. दार अर्ध्यावर अडलेलं. खाली गहू पाण्याची वाट बघत होता. घाई होती.

सूट घेऊन आला पास्कल. वसईकडचा, माझ्याच वयाचा, समुद्रात जहाजांच्या बुडाची कामं केलेला. कान एकदम लहान, आवाज एकदम मोठा. विश्रामगृहाच्या ओट्यावर त्यानं सतरंजी टाकली आणि तीन सूट मांडले. साहेब म्हणाले, "ह्यातला एक ठेवायचा. किसनराव, तुम्ही निवडा."

मी फुलसिंगकडं बघितलं. तो म्हणाला, "तू म्हणशील त्यो."

पहिला सूट नवाकोरा, चकचकीत, ढगळ. मला तोच आवडला होता, खोटं कशाला बोलू? पास्कल म्हणाला, "घाल." घातला. "आता बाबा, उकिडवा बस. हात उलट्या खांद्यांवर ठेव. गुडघा छातीला लाव." सगळं आरामात झालं. "बघ, किती मोकळा," मी म्हणालो. त्यानं माझ्या मांडीवरचं कापड चिमटीत धरून वीतभर ओढलं. "हेच वाईट. ह्या सुटात हवा राहते. पाण्यात तू जरा डोकं खाली केलंस की सगळी हवा तुझ्या पायात जाणार. मग पाय वर, डोकं खाली, आणि तू फुग्यासारखा उलटा. घट्ट असलेला चालतो, ढगळ नाही." पटलं. पहिला बाजूला.

दुसरा काळा, जुना. त्याचा गळा जाड स्पंजासारख्या रबराचा, आत दुमडायचा. अंगाला बराबर बसला. पण गळ्यापाशी आणि कोपरावर ठिगळं. चांगली चिकटवलेली, पण ठिगळं.

तिसरा निळा. अंगाला तोही बराबर, फुलसिंगलाही जरा ओढून बसला. त्याचा गळा पातळ रबराचा, दुधावरच्या सायीसारखा. मानेला असा चिकटला की पाणी काय, वारा शिरणार नाही. पास्कलनं त्यात दोन बोटं घालून बघितली. "गळा फार आवळला तर मेंदूचं रक्त अडतं, माणूस भोवंडतो. सैल राहिला तर पाणी शिरतं. हा तुला ठीक आहे. पण मी म्हणेन, दुसरा घ्या. तुमच्याकडं बाभळीचे काटे, लाकूड, गाळ. हे पातळ रबर काट्याला टिकत नाही."

"ठिगळाचा सूट?" मी म्हणालो. "पंधरा गावं मला ओळखून राहिली. ठिगळं लावून उतरू?"

"पाण्याखाली कोण बघतं बाबा?"

"मी बघतो नं."

पास्कल हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण समुद्राचा माणूस विहिरीच्या माणसाला हसला असं मला वाटलं आणि तिथं निवड झाली. मी निळ्यावर हात ठेवला. "हाच."

साहेबांनी मान डोलावली. फुलसिंगनं काळ्या सुटाचा गळा एकदा हातात घेऊन दाबून बघितला आणि खाली ठेवला.

जाण्याआधी पास्कलनं दोन दिवस राहून सगळं शिकवलं. छातीवरच्या बटणानं सुटात हवा भरायची, दंडावरच्या झडपेनं सोडायची. आत लोकरी कपडे. चेनीला मेणबत्ती घासायची. गळा आणि मनगटं घालताना पावडर लावायची. त्यानं खिशातून पावडरचा डबा काढला, गुलाबी, बायकांचा.

"ह्ये?" मी म्हणालो. "नवरदेव हाय का मी?"

"नवरदेव हो, पण तेल नको लावू. तुझ्या मानेला चकाकतंय ते काय आहे?"

"करडीचं."

"धुऊन टाक. रबराला तेल चालत नाही. ऐकतोस ना?"

"ऐकलं," मी म्हणालो. ऐकलं होतं. मानलं नव्हतं. जन्मभर ज्याच्या अंगाला खारं पाणी लागलं त्याला आमच्या तेलाचं काय कळणार, असं मनात म्हणालो आणि तो उरलेले सूट गाडीत घालून गेला तसा डबा मजुराच्या बायकोला देऊन टाकला.

पहिला दिवस माझा. काय सांगू? तासभर खाली राहिलो, वर आलो, सूट काढला आणि आतला लोकरी सदरा कोरडा. मूठ उघडतेय. फुलसिंगनं माझ्या छातीला हात लावला आणि म्हणाला, "दादा, तू तं चुलीपाशी बसून आलास!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "निवडला कुणी?"

मग रोज काम संपलं की मी उन्हात सूट पसरायचो, करडीचं तेल बोटावर घ्यायचो आणि गळ्याच्या रबराला चोळायचो. आतून, बाहेरून, कडेला जास्त. बाप मोटेला चोळायचा तसं. चामडं, कातडं, रबर, मला एकच वाटत होतं. शिवाय माझ्या मानेला तेल असायचंच. पाचव्या-सहाव्या दिवशी गळा अजून मऊ लागायला लागला. घालायला सोपा. मला वाटलं, बघा, नवं जनावर रुळलं.

नवव्या दिवशी सकाळी पाळी फुलसिंगची. सूट घालताना गळ्याची कड लाटेसारखी झालेली दिसली, तेलात सोडलेल्या पापडाची होते तशी. फुलसिंगनं तिच्यावरून बोट फिरवलं. रबर बोटाला चिकटलं.

"दादा, ढिला झाला का?"

"ढिला न्हाई. मऊ झाला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, गळा खाली ओढून मान आत घातली आणि पायऱ्या उतरून गेला.

बुंधा जवळजवळ कापून झाला होता. पाऊणएक तासाचं काम. मी तराफ्यावर, हातात दोरी, सोबत दोन मजूर. साहेब वर भिंतीवर उभे. दहा मिनिटांनी एक झटका. ठीक. वीस मिनिटांनी एक झटका. मी बसलो, उठलो, बसलो. बुडबुडे एका जागी येत होते, पोळी फुगावी तसे. मग एकदम पुष्कळ आले. इतके की पाणी पांढरं झालं. मग थांबले.

मी झटक्याची वाट बघितली. एक नाही, दोन नाही, तीन नाही. दोरी नुसती जड झाली.

किती वेळ वाट बघितली? साहेबांनी नंतर विचारलं तेव्हा मी म्हणालो, लगेच ओढलं. लगेच नव्हतं. आमची भाषा तीन झटक्यांची होती आणि मी तिसऱ्या झटक्याची वाट बघत होतो. खालच्याला हात हलवता येत नसेल तर तो झटका कसा देईल, हे नऊ वर्षांत आम्ही कधी बोललोच नव्हतो. मग मी ओरडलो, "वढा!"

तिघांनी ओढलं. माणसाचं वजन पाण्यात किती असतं? काहीच नसतं. पण हे येईना. इंचाइंचानं येत होतं. पाण्याच्या वर डोकं आलं तेव्हा तोंडात नळी नव्हती, डोळ्यांवरची काच कपाळावर चढलेली. आणि गळ्याचं रबर कडेपासून छातीपर्यंत उभं फाटलेलं, ओल्या कागदासारखं.

काय झालं ते नंतर कळलं. बुंध्याचा वरचा भाग बघायला त्यानं मान मागं टाकली आणि गळा उकलला. थंड पाणी एका दमात आत. लोकर भरली, पाय भरले, तो गाळात बसला. त्यानं छातीवरचं बटण दाबलं तर हवा गळ्यातून सुटली आणि तिच्या जोरानं तोंडातली नळी उडाली. पट्टा सोडायला गेला, तर पट्ट्याची कडी फुगलेल्या सुटाच्या घडीत गेलेली. मग त्याला आठवत नाही.

तराफ्यावर तो चढेना. सुटाच्या पायांत इतकं पाणी की दोन हंडे बांधल्यासारखे. मी मजुराच्या कमरेचा विळा ओढला आणि दोन्ही पाय घोट्यापाशी कापले. पाणी भसाभसा गेलं. मग वर घेतला. पालथा केला, उताणा केला, छाती दाबली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. त्याच्या तोंडाला करडीच्या तेलाची चव होती. ती अजून माझ्या जिभेवर आहे. किती वेळा फुंकलं माहीत नाही. मग तो खोकला आणि धरणाचं पाणी माझ्या छातीवर ओकला.

जीप भरधाव हिंगोलीला. मी मागं त्याला धरून. रस्त्यात औंढ्याला यात्रेकरूंच्या गाड्या आडव्या, मी खिडकीतून बाहेर येऊन शिव्या देत होतो. देवाच्या दारात. नागनाथानं माफ केलं असेल.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "छातीत पाणी गेलंय. दोन दिवस धोका." त्याला आत नेलं. मी बाहेर. बाकड्यावर बसवेना, भिंतीला टेकवेना. पायऱ्या खाली-वर किती वेळा केल्या. दुपारी तांड्यावरून त्याची बायको कमळाबाई आली. आल्या आल्या माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"दादा, तुमी व्हता म्हणून. तुमी वढलं म्हणून. माझ्या लेकरांचा बाप तुमी आणून दिला."

मी पाय मागं घेतले. ती पुढं आली. मी म्हणालो, "उठा बाई." बाकी काही म्हणालो नाही. मजुरांनी सगळीकडं सांगितलं होतं, किसनदादानं कसा विळा घेतला, कसा श्वास दिला. दवाखान्यातला वॉर्डबॉयसुद्धा मला चहा आणून देत होता. तो चहा मी प्यालो. ते मला विळ्याहून जास्त आठवतं.

चारच्या सुमाराला साहेब आले, सोबत ऑफिसातला कारकून. साहेबांच्या हातात फाटलेला सूट. त्यांनी गळ्याचं रबर ओढलं तर ते हातातच तुटलं. "कुजका माल," ते म्हणाले. "कुजका माल देऊन गेला तो पास्कल. मी त्याला सोडत नाही. त्याच्या मालकाला लिहितो, परत कुठल्या धरणावर पाय ठेवू देणार नाही. किसनराव, तुमचा जबाब लागेल. सूट कुजका होता, बरोबर?"

तिथं वॉर्डबॉय होता, दोन मजूर होते, कमळाबाई होती. सगळे माझ्याकडं बघत होते, जीव वाचवणाऱ्याकडं.

"व्हय," मी म्हणालो.

कारकुनानं लिहिलं. मी सही केली. माझी सही चांगली आहे, पूर्ण नाव लिहितो, वेलांट्या बराबर. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती नीट येईना.

संध्याकाळी फुलसिंग शुद्धीवर आला म्हणून सांगितलं. भेटू दिलं नाही. शेवटची बस होती म्हणून गावी गेलो. माझी बायको म्हणाली, "सगळं गाव तुमचं नाव घेऊन राहिलं." मी म्हणालो, ताट उचल. तिला वाटलं, फुलसिंगच्या काळजीनं. मी तसंच वाटू दिलं. अंगणात फिरत राहिलो. मी माणसाला पाण्यातून काढलं होतं, हे खरं होतं. मी त्याला पाण्यात घातलं होतं, हेही खरं होतं. आणि ज्या माणसानं मला दोनदा सांगितलं होतं त्याची भाकरी मी एका शब्दानं काढून घेतली होती. तीन गोष्टी, आणि लोकांना एकच ठाऊक.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. फुलसिंग बरा झाला, पण पाण्यात परत गेला नाही. शेती करतो, माझ्याहून बरा आहे. मी अजून पाच वर्षं उतरलो. दाराचं काम दुसऱ्या माणसांनी केलं, गव्हाला पाणी आठ दिवस उशिरा गेलं.

आता त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळचं.

पहिल्या बसनं हिंगोलीला गेलो. फुलसिंग उशीला टेकून बसला होता, नाकात नळी. कमळाबाई त्याला चमच्यानं पेज देत होती. मला बघून उठली, पदर सावरला. मी म्हणालो, "बसा. दोघांनी ऐका." आणि उभ्यानंच सांगितलं. पास्कल तेल नको म्हणाला होता. मी रोज लावलं. आठ दिवस.

कमळाबाईचा चमचा वाटीत पडला. तिनं वाटी उचलली आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

फुलसिंगचा आवाज घशातून खरवडून येत होता. "म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत हाय?"

"वास येऊन राहिला व्हता. गळ्याला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून."

"मंग बोलला काहून न्हाईस?"

"तू निवडला व्हतास."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मी स्टूल ओढून बसलो. बस सोडली तर कालपासून पहिल्यांदा कुठं तरी बसलो असेन. थोड्या वेळानं तो डोळे न उघडता म्हणाला, "साहेबाला काय सांगितलंस?"

"कुजका व्हता म्हणून."

"मंग हितं काय बसून राहिलास, दादा?"

मी उठलो. धरणाकडं जाणारी बस लागली होती, तिच्यात चढलो. ऑफिस नुकतं उघडत होतं. कारकून टेबल पुसत होता. मी म्हणालो, "माझा जबाब काढ."

"काका, जबाब एकदा झाला की बदलत नसतो."

"तू बदलू नको. त्याच्या खाली मी लिहितो."

त्यानं कागद काढला, पेन दिलं. सहीच्या खाली जागा थोडी होती. मी अक्षर लहान काढलं. सूट चांगला होता. गळ्याला तेल मी लावलं. पास्कलनं नको म्हणून सांगितलं होतं. सहीशिवाय सरकारी कागदावर मी याआधी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"करा सही," कारकून म्हणाला.

"आधी मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. साहेब येऊन दारात उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग मी सही केली.